पाच व्होल्टच्या पलीकडे

“मॅडम, प्रोसेसर गेलाय बहुतेक.” कारखान्यांतून मला येणाऱ्या फोनची सुरुवात बहुतेक वेळा या वाक्याने होते. कंट्रोल कार्डांच्या दुरुस्तीत आणि चाचण्यांत माझा सगळा कामाचा काळ गेला, आणि उघडून पाहिल्यावर खरोखर प्रोसेसरच गेलेला निघाला असे प्रसंग फार थोडे. गेलेला असतो पॉवर सप्लायमधला कपॅसिटर, वर्षानुवर्षं तापून सुकलेला. नाहीतर रिलेचे काँटॅक्ट जळून काळे पडलेले असतात, कनेक्टरच्या पिनांवर हिरवा थर चढलेला असतो, अर्थिंगची पट्टी जमिनीत गंजून तुटलेली असते. फौंड्रीत तर कार्डावर लोखंडाची बारीक धूळ बसते, आणि पावसाळी हवेत तीच धूळ ओल धरून नको तिथून वीज वाहून नेते. या सगळ्याच्या मधोमध ती काळी चिप धडधाकट असते. तिच्यापर्यंत पोचणारी बातमी मात्र चुकीची असते.

प्रोसेसरविषयी जे लिहिलं जातं ते बहुतेक त्याच्या वेगाविषयी असतं, ट्रान्झिस्टरांच्या संख्येविषयी असतं. माझा संबंध आला तो त्याच्या कडेशी. त्याचे पाच व्होल्ट जिथे संपतात आणि वाफ, दूध, बीड, पेट्रोल जिथे सुरू होतं, त्या जागेशी. यंत्र नीट चालणार की नाही हे तिथे ठरतं, अशी माझी खात्री झाली आहे.

कॉलेजात आम्ही ८०८५ शिकलो. १९७६ साली इंटेलने आणलेली ही ४० पायांची, पाच व्होल्टच्या एकाच पुरवठ्यावर चालणारी चिप. महाराष्ट्रातल्या डिप्लोमा-डिग्रीच्या कितीतरी तुकड्या तिच्यावर वाढल्या. टेबलावर रमेश गावकरांचं जाड पुस्तक आणि शेजारी ट्रेनर किट. प्रोग्रॅम भरायचा तो सोळा-अंकी कीपॅडवर आकडे दाबून. ३ई म्हणजे पुढची संख्या उचल, सी३ म्हणजे अमुक पत्त्यावर उडी मार, ७६ म्हणजे थांब. लाइट गेली की भरलेलं सगळं पुसलं जायचं आणि पहिल्यापासून बसावं लागायचं. आज हे कंटाळवाणं वाटेल, पण त्या पद्धतीने एक गोष्ट आमच्या हाडीमांसी भिनली. या चिपला काहीही आपोआप समजत नाही. तिला दिसतात ते फक्त पायांवरचे शून्य आणि पाच व्होल्ट. त्यांचा अर्थ आपण लावायचा असतो.

प्रोग्रॅम सांगेल तेच करणाऱ्या चिपच्या कल्पनेचा जन्मही एका अगदी व्यावहारिक गरजेतून झाला. जपानच्या बिझिकॉम कंपनीला १९६९ मध्ये आपल्या गणनयंत्रांसाठी खास चिपांचा एक संच हवा होता. इंटेलच्या टेड हॉफ यांनी सुचवलं की प्रत्येक कामासाठी वेगळं सर्किट कोरण्यापेक्षा एकच सर्वसाधारण चिप करावी आणि तिने काय करायचं ते स्मृतीतल्या प्रोग्रॅमवर सोडावं. स्टॅन मेझर, बिझिकॉमचे मासातोशी शिमा आणि ती कल्पना प्रत्यक्ष सिलिकॉनवर उतरवणारे फेडेरिको फॅजिन यांच्या कष्टांतून ४००४ तयार झाली. नोव्हेंबर १९७१ मध्ये ती बाजारात आली तेव्हा तिच्यात २३०० ट्रान्झिस्टर होते. हिशेबाच्या यंत्रासाठी केलेली युक्ती पुढे बॉयलरपासून मोटरसायकलपर्यंत सगळीकडे चालली, कारण चिप तीच ठेवून काम बदलता येत होतं. काम बदललं की जबाबदारी मात्र बदलते, आणि ती पुस्तकात नव्हती. ती मला कारखान्यांनी शिकवली.

कोल्हापूरजवळ शिरोली एमआयडीसीच्या परिसरात मी दुरुस्तीच्या कामाला लागले तेव्हा संगणकाच्या हुकमावर चालणारी सीएनसी यंत्रं नव्याने येत होती. जुन्या कार्डांवर ईप्रॉम असायची. तिच्या पाठीवर काचेची छोटी गोल खिडकी. त्या खिडकीतून अतिनील प्रकाश टाकला की आतला प्रोग्रॅम पुसला जायचा, म्हणून वर स्टिकर चिकटवलेला असायचा आणि त्यावर कुणीतरी पेनाने आवृत्ती आणि तारीख लिहिलेली असायची. मला त्या हस्ताक्षरांचा फार आधार वाटायचा. या यंत्राच्या डोक्यात काय भरलंय याची जबाबदारी कुणीतरी सही केल्यासारखी उचललेली असायची.

सीएनसीमध्ये सगळा खेळ वेळेचा असतो. हत्यार मिनिटाला ६ मीटर वेगाने सरकत असेल तर सेकंदाला १०० मिलिमीटर होतात, म्हणजे १० मिलिसेकंदांत १ मिलिमीटर. जॉबवर मान्य असलेली चूक असते मिलिमीटरच्या शतांशांची. त्यामुळे एन्कोडरकडून आलेली जागा वाचायची, जिथे असायला हवं तिथलं अंतर काढायचं आणि सर्व्हो ड्राइव्हला नवा हुकूम द्यायचा, हे चक्र प्रोसेसरला दर मिलिसेकंदाला किंवा त्याहूनही लवकर पुरं करावं लागतं. एकदाही न चुकता. घरच्या कॉम्प्युटरवर उत्तर अर्धा सेकंद उशिरा आलं तर कुणाला कळतही नाही. इथे उशिरा आलेलं बरोबर उत्तर चूकच असतं, आणि तेवढ्यात हत्यार चकमध्ये घुसलेलं असतं.

पण या चपळ यंत्राचा जीव अडकलेला असायचा एका छोट्या लिथियम बॅटरीत. अक्षांच्या मर्यादा, स्क्रूमधल्या ढिलाईची भरपाई, यंत्रागणिक वेगळे असणारे शेकडो आकडे, हे सगळं बॅटरीवर जगणाऱ्या स्मृतीत असायचं. दिवाळीच्या सुट्टीत शॉप बंद असताना बॅटरी संपली की पाडव्यानंतर यंत्र सुरू होताना नुसता अलार्म. बॅटरी बदलायची ती यंत्र चालू ठेवून, हा साधा नियम कित्येकांना माहीत नसायचा. ज्या शॉपमध्ये पॅरामीटरची यादी वहीत उतरवून ठेवलेली असायची, तिथे एका शिफ्टमध्ये काम सुरू व्हायचं. बाकीचे परगावच्या इंजिनिअरची वाट बघत बसायचे. अशा वह्या ठेवणारे ऑपरेटर मला आजही आठवतात. त्यातल्या काहींचं शिक्षण आयटीआयपर्यंतही नव्हतं, पण त्या यंत्राची माहिती जपायला हवी हे त्यांना उमगलेलं होतं.

पुढे काही वर्षं मी चाकणजवळ इंजिनांच्या कंट्रोल युनिटच्या चाचण्यांवर काम केलं. तिथला काळ आणखी बारीक. इंजिन मिनिटाला ६००० फेरे घेत असेल तर एक फेरा १० मिलिसेकंदांचा आणि क्रँकचा एक अंश जेमतेम २८ मायक्रोसेकंदांचा. क्रँक कुठे आहे हे कळण्यासाठी त्याच्यावर दातेरी चक्र असतं. बऱ्याच मोटारींत ६० दातांची जागा करून त्यातले दोन मुद्दाम गाळलेले असतात. ती फट समोरून गेली की युनिटला फेऱ्याची सुरुवात कळते आणि तिथून दात मोजत ते ठिणगीची आणि इंधनाची वेळ साधतं. चाचणीत आमचं लक्ष गणितावर कमी आणि कडाक्याच्या थंडीतल्या पहिल्या स्टार्टवर जास्त असायचं. स्टार्टरने ओढ घेतली की १२ व्होल्टची बॅटरी ७-८ पर्यंत कोसळते. त्या क्षणी प्रोसेसर गडबडला तर गाडी सुरूच होणार नाही. १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ हे प्रदूषणाचं मानक लागू झालं आणि नव्या दुचाकींतून कार्ब्युरेटर जवळपास गेलाच. गल्लीतल्या मेकॅनिकने आयुष्यभर कमावलेली कानाची पारख एका दिवसात अपुरी ठरली. त्यांच्यातले कितीतरी जण स्कॅनर विकत घेऊन, एकमेकांना विचारत नवं शिकले. त्यांच्या या शिक्षणाची फारशी कुणी दखल घेतली नाही याचं मला वाईट वाटतं.

मला सगळ्यात मोठा धडा मिळाला तो मात्र साखर कारखान्यात.

गळीत हंगाम सुरू होता, गव्हाणीत ऊस पडत होता, आणि बॉयलरच्या पाण्याचा कंट्रोल व्हॉल्व्ह भलत्या वेळी बंद होतो अशी तक्रार होती. प्रोसेसर बदला, असंच म्हणणं होतं. मी कार्ड तपासलं, सिग्नल तपासले, सगळं ठीक. ड्रममधल्या पाण्याची पातळी वाढली की व्हॉल्व्ह मिटायचा, पातळी उतरली की उघडायचा. यात चूक ती काय? तिथे एक वयस्कर बॉयलर अटेंडंट होते, सगळे त्यांना तात्या म्हणायचे. त्यांनी मला काचेच्या गेजपाशी नेलं आणि म्हणाले, “मॅडम, आता मिलवर लोड येईल, टर्बाइन वाफ ओढंल. पाणी कसं वर येतंय बघा.” खरोखरच पातळी वर चढली. “हे वाढलेलं न्हाई. फुगलंय. आत पाणी कमीच हुतंय.”

भौतिकशास्त्र त्यांनी एका वाक्यात सांगितलं होतं. वाफेची मागणी एकदम वाढली की ड्रममधला दाब पडतो, पाण्यातले बुडबुडे मोठे होतात आणि पातळी वर आल्यासारखी दिसते. प्रत्यक्षात पाणी वेगाने वाफ होऊन निघून चाललेलं असतं. नेमक्या त्याच वेळी नुसती पातळी बघणारा प्रोसेसर पाणी आल्याचं समजून व्हॉल्व्ह बंद करतो. मग फुगवटा बसला की पातळी खोल जाते आणि धावपळ होते. बॉयलरमध्ये पाणी कमी पडणं म्हणजे नळ्या जळणं, आणि वेळ वाईट असेल तर माणसांच्या जिवाशी गाठ. यावरचा उपाय जुना आणि माहितीतला आहे. पातळीसोबत बाहेर जाणारी वाफ आणि आत येणारं पाणी यांचेही प्रवाह मोजायचे आणि तिन्ही मिळून निर्णय घ्यायचा. त्या कारखान्यात ते दोन्ही ट्रान्समीटर लागलेले होते, त्यांचे आकडे पॅनेलवर दिसतही होते, पण व्हॉल्व्हच्या निर्णयात त्यांना कुणी घेतलंच नव्हतं. प्रोग्रॅम बदलला, काही दिवस तात्यांच्या शेजारी उभं राहून मात्रा जुळवल्या आणि व्हॉल्व्ह शहाण्यासारखा वागू लागला.

त्याच बॉयलरवर आणखी एक व्यवस्था होती आणि तिला मी हात लावू दिला नाही. पाणी ठरावीक पातळीच्या खाली गेलं की इंधन आणि हवा तोडणारा वेगळा स्विच, थेट तारेने जोडलेला. त्यात प्रोसेसरचा संबंध नाही. “मॅडम, आता सगळं कॉम्प्युटरवर आलंय, ही तार कशाला?” असं एका तरुण अधिकाऱ्याने विचारलं होतं. ज्या वेळी कॉम्प्युटर गप्प होईल त्या वेळेसाठी ती तार आहे, असं मी सांगितलं. प्रोसेसरवर आयुष्यभर काम केलेली बाई हे सांगते म्हणून तरी ते ऐकावं.

दूध संस्थेतल्या संकलन केंद्रावर वेळेची अशी घाई नसते. किटलीतलं दूध काट्यावर ओतलं, चमचाभर नमुना यंत्रात गेला, काही सेकंदांत लिटर, फॅट, एसएनएफ (फॅट सोडून उरलेले घन घटक) आणि दर छापलेली पावती हातात. इथे पणाला लागलेला असतो विश्वास. म्हशीच्या दुधाची फॅट एका दशांशाने खाली आली की दर उतरतो, आणि दोन म्हशींवर घर चालवणाऱ्या बाईला महिन्याच्या बिलात तो फरक कळतो. काट्याच्या आतलं गणित बघा. वजनाचा सिग्नल करणाऱ्या लोडसेलला पाच व्होल्ट दिले तर पूर्ण वजनाला त्याच्याकडून मिळतात साधारण १० मिलिव्होल्ट. १०० किलोच्या काट्याने १० ग्रॅमचा फरक ओळखायचा म्हणजे त्या १० मिलिव्होल्टचे दहा हजार भाग करायचे, एक भाग एका मायक्रोव्होल्टचा. शेजारी दूध गार करणाऱ्या यंत्राचा कॉम्प्रेसर सुरू होतो, अर्थिंग कच्चं असतं, लोडसेलच्या वायरीत पाणी शिरलेलं असतं. एवढ्या गोंधळातून तो एक मायक्रोव्होल्ट खरा ठरवायचा असतो.

अशाच एका केंद्रावर सभासदांची तक्रार होती की फॅट अचानक उतरली. एक मावशी माझ्यासमोर पावत्यांचा गठ्ठा ठेवून म्हणाल्या, “ताई, म्हैस तीच, वैरण तीच. परवापत्तर सात लागत हुती. मग आता सहाच्या आत कशी?” सचिवांचा कल मशीन बदलण्याकडे होता. मी एकच नमुना यंत्रात पुन्हा पुन्हा घातला तर आकडे प्रत्येक वेळी वेगळे. मग तोच नमुना जुन्या गर्बर पद्धतीने तपासला, ब्युटिरोमीटरमध्ये गंधकाम्ल आणि अमाइल अल्कोहोल घालून, सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवून. मावशींची म्हैस खरी निघाली. यंत्रातली ध्वनिलहरी सोडणारी नळी रोज धुतली जात नव्हती, तिच्यात दुधाचा थर बसला होता आणि फेसाळ दूध तसंच आत जात होतं. प्रोसेसर बिचारा मिळालेल्या आकड्यांचा हिशेब अचूक करत होता. नळी साफ केली, धुण्याची वेळ भिंतीवर लिहून लावली आणि आठवड्यातून एकदा सभासदांसमोर गर्बरशी ताळा घ्यायचा असं संस्थेने ठरवलं. छापील पावतीवर लोक सहज विश्वास ठेवतात. म्हणून तो ताळा सर्वांच्या डोळ्यांसमोर व्हायलाच हवा, हे माझं मत तिथे पक्कं झालं.

आमच्या कॉलेजच्या किटमधल्या ८०८५ चा एक भाऊबंद मंगळावर पोचला आहे, हे मी नव्या मुलामुलींना आवर्जून सांगते. ४ जुलै १९९७ रोजी मार्स पाथफाइंडर मंगळावर उतरलं, त्यातली सोजर्नर ही छोटी गाडी ८०सी८५ या चिपवर चालत होती, २ मेगाहर्ट्झवर. ती निवडली गेली कारण प्रारणांच्या माऱ्यात टिकणारी तिची आवृत्ती मिळत होती आणि वीज थोडी लागत होती. त्याच मोहिमेत मुख्य यानावरचा कॉम्प्युटर, जो कितीतरी ताकदवान होता, मधेच आपोआप पुन्हा सुरू व्हायचा. हवामानाची नोंद करणारं एक कमी महत्त्वाचं काम सामाईक साधन धरून बसायचं, मधल्या महत्त्वाची कामं त्याला पुढे सरकू द्यायची नाहीत आणि सगळ्यात निकडीचं काम खोळंबून राहायचं. काम ठरलेल्या वेळेत पुरं झालं नाही हे पाहणारी राखण आत होती, ती कॉम्प्युटर नव्याने सुरू करायची. अभियंत्यांनी पृथ्वीवर तोच बिघाड घडवून पाहिला, कारण शोधलं आणि दुरुस्ती मंगळावर पाठवली. ही राखण म्हणजे वॉचडॉग टायमर. आपल्याकडच्या साध्या कंट्रोलरमध्येही तो असतो. “सारखं रिसेट होतं” म्हणून तो बंद करून टाकलेली कार्डं मी पाहिली आहेत. अशा वेळी मला राग येतो. रिसेट होतंय म्हणजे कुठेतरी काहीतरी अडकतंय, आणि ते शोधण्याऐवजी सांगणाऱ्याचंच तोंड बंद केलेलं असतं.

इस्रो आणि मोहालीच्या सेमीकंडक्टर प्रयोगशाळेने मिळून केलेली ३२-बिट ‘विक्रम ३२०१’ ही चिप सप्टेंबर २०२५ मध्ये दिल्लीत समारंभाने सादर झाली तेव्हा मला मनापासून आनंद झाला. तिचा १६-बिट पूर्वज २००९ पासून आपल्या अग्निबाणांवर उडतो आहे. आयआयटी मद्रासची ‘शक्ती’ आणि सी-डॅकची ‘वेगा’ या चिपांचीही वाट मी आस्थेने बघते. विक्रमची बातमी वाचताना माझी नजर वेगाच्या आकड्यावर थांबली नाही, ती थांबली उणे ५५ ते १२५ अंश तापमानात चालण्याच्या क्षमतेवर. चिप कुठे उभी राहणार आहे याचा विचार तिथे दिसतो.

कारखान्यात मात्र उलट दिशेने प्रवास चाललेला दिसतो. पूर्वी पॅनेलच्या दारात आतल्या बाजूला सर्किटचा नकाशा चिकटवलेला असायचा. आता पॅनेल सुबक असतं आणि नकाशा नसतो. प्रोग्रॅमला कुलूप, कार्डावरच्या चिपांचे क्रमांक घासून काढलेले, बिघडलं की पूर्ण कार्ड बदला. प्रोग्रॅम लिहिणाऱ्याच्या मेहनतीला संरक्षण हवं हे मला मान्य आहे. पण बॉयलर ज्याच्या जिवावर चालतो त्या फिटरला तो कोणत्या कारणाने बंद पडला हेही कळू नये, हे मला मान्य नाही. म्हणून सल्ला मागणाऱ्यांना मी खरेदीच्या ऑर्डरमध्ये चार गोष्टी लिहायला लावते. वायरिंगचे नकाशे, प्रोग्रॅमची प्रत, सगळ्या पॅरामीटरची यादी आणि प्रत्येक अलार्मचं कारण मराठीत.

एका साखर कारखान्याने नव्या मिल ड्राइव्हच्या वेळी ही अट घातली आणि पुरवठादाराने थोडी कुरकुर करून ती मानली. पुढच्याच हंगामात रात्रपाळीत ड्राइव्ह बंद पडला. इलेक्ट्रिशियनने अलार्म वाचला, यादीत कारण पाहिलं, नकाशावरून कनेक्टर शोधला. पिनेवर तोच हिरवा थर होता. त्याने तो साफ केला आणि गव्हाण पहाटेच्या आत पुन्हा सुरू झाली. मला फोन आला तो सकाळी, फक्त कळवण्यासाठी.